प्रपोझिशन ३९ खाली चार्टर शाळेसाठी जागा मागताना: अर्जाच्या आधीपासून ताबा मिळेपर्यंत

कॅलिफोर्नियात चार्टर शाळांच्या (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्वतःचं बोर्ड असलेल्या शाळांच्या) बोर्डांवर आणि पालक समित्यांवर आता बरेच मराठी पालक आहेत. त्यांच्याकडून शाळा डिस्ट्रिक्टबद्दल (आपल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आणि त्याच्या बाँडबद्दल (मतदारांच्या मंजुरीने काढलेलं कर्ज) दोन प्रश्न हमखास येतात. "डिस्ट्रिक्टने एवढा मोठा बाँड पास करून घेतलाय, आता आम्हाला इमारत बांधून द्यावीच लागेल ना?" हा पहिला. "आमच्या डिस्ट्रिक्टचा बाँड पडला, मग आम्हाला जागा मागताच येणार नाही का?" हा दुसरा. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीमुळे अर्जात भलतीच मागणी होते आणि दुसरीमुळे अर्जच जात नाही.

खरा प्रकार असा आहे. नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ३९ (थेट मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर केलं. शाळा बांधकामासाठी डिस्ट्रिक्टला कर्ज काढायचं असेल तर तोवर दोन-तृतीयांश मतं लागायची. ती अट, काही बंधनं पाळण्याच्या बोलीवर, ५५ टक्क्यांवर आली. त्याच कायद्यात दुसऱ्या बाजूने एज्युकेशन कोडचं (राज्याच्या शिक्षण कायद्याचं) कलम ४७६१४ बदललं. डिस्ट्रिक्टमधली जी मुलं चार्टर शाळेत जातात, त्यांनाही डिस्ट्रिक्टच्या इतर मुलांसारखीच जागा मिळाली पाहिजे, असं ते कलम सांगतं. सुरुवातीला ही जबाबदारी बाँडशी थेट बांधलेली होती: ज्या डिस्ट्रिक्टचा बाँड मंजूर होईल त्याला पुढच्या १ जुलैपासून ती लागू, बाकीच्यांना तीन वर्षांनी. ती तीन वर्षं नोव्हेंबर २००३ मध्ये संपली. आता बाँड असो वा नसो, सगळ्याच डिस्ट्रिक्टना कलम लागू आहे.

पण कलम म्हणतं ते असलेल्या जागेत न्याय्य वाटा द्या. नवी इमारत बांधा असं नाही. चार्टर शाळेसाठी जागा भाड्याने किंवा विकत घ्यायला डिस्ट्रिक्टने आपल्या सर्वसाधारण निधीतला मोकळा (ठरावीक कामासाठी राखून न ठेवलेला) पैसा वापरलाच पाहिजे, असंही बंधन नाही.

सावधान: इंटरनेटवर शोधताना २०१२ चं प्रपोझिशन ३९ हाती लागतं. ते कंपन्यांच्या करांबद्दल आणि ऊर्जाबचतीच्या निधीबद्दल होतं. त्यातूनही शाळांना पैसे मिळाले, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. आपल्या कामाचं आहे ते २००० सालचं.

## १. अर्जाला हात घालण्याआधी: आपण पात्र आहोत का?

पहिलं, डिस्ट्रिक्ट कोणतं ते नक्की करा. शहराच्या नावावर जाऊ नका. सनीव्हेलचा पत्ता असलेलं घर कुपरटिनो युनियन डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतं. शिवाय काही ठिकाणी आठवीपर्यंतचं डिस्ट्रिक्ट वेगळं आणि हायस्कूलचं वेगळं असतं. मागणी त्या त्या डिस्ट्रिक्टकडे, त्याच्या हद्दीत राहणाऱ्या मुलांपुरतीच करता येते.

दुसरं, तुमच्या शाळेला मान्यता कोणी दिली याचा इथे संबंध नाही. चार्टर (शाळा चालवण्याची परवानगी) काउंटीने मंजूर केलेलं असलं तरी, मुलं ज्या डिस्ट्रिक्टची आहेत त्याच्याकडे जागा मागता येते. "त्यांनी आम्हाला नाकारलं होतं, आता कुठल्या तोंडाने मागायचं" या संकोचापायी अर्ज न करणारी बोर्डं असतात. कायद्यात त्या संकोचाला जागा नाही.

तिसरं, संख्या. त्या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांची अपेक्षित सरासरी दैनिक हजेरी ८० पेक्षा कमी असेल, तर डिस्ट्रिक्ट अर्ज नाकारू शकतं. इथे प्रवेशसंख्या धरत नाहीत, हजेरी धरतात. ८२ मुलांची यादी हातात असेल तरी तुम्ही काठावरच आहात.

नव्या शाळेला आणखी एक अट आहे. चार्टरची याचिका आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपर्यंत दाखल झालेली हवी आणि १५ मार्चच्या आधी मंजूर झालेली हवी. याचिका डिसेंबरात दिली असेल तर त्या वर्षीची जागा गेली.

तपासा: हद्द, ८० ची मर्यादा आणि (नव्या शाळेसाठी) याचिकेची तारीख. यातलं एक जरी अडलं तरी पुढची मेहनत वाया.

## २. डिस्ट्रिक्टच्या बाँडची कागदपत्रं काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. बाँड नसेल तरी कलम लागू आहे, मग तो कशाला पाहायचा? कारण डिस्ट्रिक्टकडे कुठे किती जागा आहे आणि पुढे काय होणार आहे, हे सर्वात स्पष्ट त्याच कागदांत लिहिलेलं असतं.

५५ टक्क्यांच्या बाँडमध्ये कामांची यादी देणं बंधनकारक आहे. पैसा बांधकाम, दुरुस्ती, सामानसुमान आणि जागाखरेदी यांवरच खर्च करता येतो. पगारावर किंवा रोजच्या खर्चावर नाही. दरवर्षी कामाचं आणि हिशेबाचं असं दुहेरी लेखापरीक्षण होतं. किमान सात सदस्यांची नागरिकांची देखरेख समिती असते आणि तिची इतिवृत्तं संकेतस्थळावर टाकावी लागतात. हे सगळं काढून वाचा. कोणत्या शाळेत नवी इमारत उभी राहतेय, कुठल्या वर्गखोल्या रिकाम्या होणार, कुठे तात्पुरत्या खोल्या ठेवल्यात, याची नोंद करा. फेब्रुवारीत "आमच्याकडे जागाच नाही" असं उत्तर आलं, की हीच नोंद कामाला येते.

आणि तुम्हाला खरोखरच बांधकाम हवं असेल, तर त्याचा दरवाजा प्रपोझिशन ३९ चा अर्ज नव्हे. दरवाजा आहे बाँडच्या यादीचा. यादी मतदानाआधी ठरते. मतपत्रिकेवरचा ठराव काउंटीकडे जाण्याची मुदत सहसा निवडणुकीच्या ८८ दिवस आधी असते, त्यामुळे डिस्ट्रिक्टच्या बोर्डापुढे बोलायचं ते त्याच्याही बरंच आधी. निकाल लागल्यावर "आमचंही नाव घाला" म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं. यादीत नसलेल्या कामावर तो पैसा खर्च करता येत नाही.

नेहमीची चूक: सभेत "आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून बाँड फेडला जातो, म्हणून आमचा हक्क" हा मुद्दा मांडणं. कर सगळेच भरतात. या बाँडांवर कराची मर्यादाही आहे: युनिफाइड (प्राथमिक ते हायस्कूल एकत्र असलेल्या) डिस्ट्रिक्टला एका निवडणुकीतल्या बाँडसाठी मालमत्तेच्या दर १ लाख डॉलर मूल्यांकनामागे कराचा अंदाज वर्षाला ६० डॉलरपर्यंतच, नुसत्या प्राथमिक किंवा नुसत्या हायस्कूल डिस्ट्रिक्टला ३० डॉलरपर्यंत. तुमचा हक्क त्या करातून येत नाही, तो कलम ४७६१४ मधून येतो. बोलताना तेच धरा.

## ३. हजेरीचा अंदाज: इथेच अर्ज जिंकतो किंवा हरतो

किती वर्गखोल्या मिळतील, किती पैसे भरावे लागतील आणि नंतर दंडासारखी वसुली होईल का, हे सगळं या एका आकड्यावर उभं असतं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

चार आकडे वेगवेगळे काढायचे: शाळेची एकूण हजेरी, डिस्ट्रिक्टमधल्या मुलांची हजेरी, आणि या दोन्हींतली वर्गात बसून शिकणाऱ्यांची हजेरी. वर्गाबाहेर, घरून शिकणाऱ्या मुलांसाठी खोल्या मिळत नाहीत. आधार धरायचा तो आदल्या वर्षी राज्याकडे निधीसाठी दाखवलेल्या हजेरीचा, आणि त्यात पुढच्या वर्षीचे अपेक्षित बदल घालायचे.

एक काल्पनिक हिशेब घेऊ. पुढच्या वर्षी ३०० प्रवेश अपेक्षित आहेत, त्यातली २४० मुलं डिस्ट्रिक्टमधली आणि सगळी वर्गात बसणारी. हजेरीचं प्रमाण ९५ टक्के. म्हणजे आकडा २२८. अर्जात ३०० लिहिलं तरी चूक आणि २४० लिहिलं तरी चूक.

आता हा २२८ इयत्तावार फोडायचा. शिवाय ही मुलं तुमच्याकडे आली नसती तर डिस्ट्रिक्टच्या कोणत्या शाळेत गेली असती, त्याप्रमाणेही फोडायचा. हे काम किचकट आहे. प्रत्येक पत्ता डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरच्या शाळाशोधकात घालून पाहावा लागतो. एका माणसाच्या गळ्यात मारू नका. दोघांनी करावं, तिसऱ्याने पडताळावं. अंदाज कोणत्या पद्धतीने काढला तेही लिहून द्यायचं असतं.

शाळा नवी असेल, किंवा चालू शाळेत मुलं एकदम वाढणार असतील, तर इच्छुक कुटुंबांचे पुरावे जोडावे लागतात. आकडा दशांशापर्यंत सिद्ध करा अशी अपेक्षा नाही, पण अंदाज वाजवी आहे की नाही हे डिस्ट्रिक्टला ठरवता आलं पाहिजे. आपल्या लोकांची चूक इथे ठरलेली. मंडळाच्या गणेशोत्सवात टेबल मांडतात आणि दुपारभरात गठ्ठाभर फॉर्म गोळा करतात. फॉर्म भरणारे फ्रीमाँटचे, मिल्पिटसचे, डब्लिनचे, आणि अर्ज चाललाय भलत्याच डिस्ट्रिक्टकडे. डिस्ट्रिक्टचा माणूस पत्ते चाळतो, निम्मे बाद करतो आणि उरलेल्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. फॉर्मवर मुलाचं नाव, घराचा पूर्ण पत्ता, पुढच्या वर्षीची इयत्ता, पालकाची सही आणि "या शाळेत घालण्याचा विचार गंभीरपणे करतोय" असं स्पष्ट वाक्य हवं. फॉर्म घेतानाच पत्ता तपासा.

सावधान: जास्त खोल्या मिळाव्यात म्हणून आकडा फुगवू नका. प्रत्यक्ष हजेरी अंदाजापेक्षा २५ ने किंवा १० टक्क्यांनी (यातलं जे मोठं असेल त्याने) कमी भरली, की जागा जादा दिली गेली असं धरतात आणि त्या जागेची भरपाई द्यावी लागते. वरच्या उदाहरणात १० टक्के म्हणजे २२.८, म्हणून २५ ची मर्यादा लागेल. हजेरी २०३ वर आली की बिल आलंच.

## ४. अर्ज: १ नोव्हेंबर

मुदत आहे आदल्या वर्षीची १ नोव्हेंबर. म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्षाचा अर्ज त्याच्या आधीच्या शरद ऋतूत जातो. २०२४ साली लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं, आणि दिवाळी दर दोन-तीन वर्षांनी याच आठवड्याच्या आसपास येते. फराळाच्या गडबडीवर अर्ज सोडू नका. ऑक्टोबरच्या मध्यावर बोर्डाच्या बैठकीत तो मंजूर करून ठेवा.

अर्जात काय हवं: हजेरीचे आकडे आणि पद्धत, लागत असतील तिथे इच्छुकांचे पुरावे, शाळेचं वार्षिक वेळापत्रक, कोणती शाळा किंवा कोणता भाग हवा ते, आणि जागेवर परिणाम करणारी अभ्यासक्रमाची माहिती. नमुना राज्याच्या शिक्षण खात्याचा किंवा डिस्ट्रिक्टने मान्य केलेला.

शेवटच्या दोन बाबी लोक एका ओळीत उरकतात. "जवळपास कुठेही चालेल" असं लिहिलंत, तर डिस्ट्रिक्टने तुमच्या पसंतीच्या भागाजवळ जागा देण्याचा वाजवी प्रयत्न केला का, हा प्रश्नच तुम्ही स्वतःहून मिटवता. भाग नाव घेऊन लिहा, दोन शाळांचा पसंतीक्रम द्या. सातवी-आठवीला प्रयोगशाळा लागते, बालवाडीला वेगळं अंगण लागतं; तेही लिहा. मात्र तुमची इयत्तारचना डिस्ट्रिक्टच्या शाळांपेक्षा वेगळी असेल, तर त्यासाठी इमारतीत फेरफार करण्याचा खर्च उचलायला डिस्ट्रिक्ट बांधील नाही.

तपासा: अर्ज पोचल्याची लेखी पावती घेतली का? ईमेल केला असेल तरी एक छापील प्रत कचेरीत देऊन शिक्का मारून आणा.

## ५. डिसेंबर-जानेवारी: आकड्यांवरची हरकत

डिस्ट्रिक्टला तुमचे आकडे मान्य नसतील तर त्याने १ डिसेंबरपर्यंत लेखी हरकत घ्यायची. हरकत आली नाही, तर तुमचे आकडे पक्के झाले. पुढे ते त्यावर वाद घालू शकत नाहीत.

हाच नियम उलट्या बाजूनेही लागतो. हरकत आली आणि तुम्ही २ जानेवारीपर्यंत उत्तर दिलं नाही, तर डिस्ट्रिक्टचे आकडे पक्के. अडचण अशी की हे नेमके सुट्टीचे आठवडे. निम्मं बोर्ड पुण्या-मुंबईला गेलेलं असतं, आणि पत्र शाळेच्या कचेरीत पडून राहतं. उत्तर लिहिणारा एक माणूस नोव्हेंबरातच नेमा, जो डिसेंबरात इथेच असेल.

## ६. फेब्रुवारीचा प्रस्ताव आणि तुलनेच्या शाळा

१ फेब्रुवारीपर्यंत डिस्ट्रिक्टचा प्राथमिक प्रस्ताव यायचा असतो: जागा कुठली, किती मुलं धरली, तुमचा खर्चाचा वाटा किती आणि तो कसा काढला, कराराचा मसुदा, आणि तुलनेसाठी कोणत्या शाळा घेतल्या. लोक आधी पत्ता बघतात, मग रक्कम बघतात आणि थांबतात. आधी बघायची असते ती तुलनेच्या शाळांची यादी.

कायद्याचा निकष आहे "वाजवी समतुल्य" जागा. समतुल्य कशाशी? तुमची सर्वाधिक मुलं ज्या हायस्कूलच्या हद्दीत राहतात, त्या हद्दीतल्या मुलांसाठीच्या, तशाच इयत्तांच्या डिस्ट्रिक्टच्या शाळांशी. पायरी ३ मधली फोड इथे उपयोगी पडते. यादीत जुन्या, दाटीवाटीच्या शाळाच घेतल्या असतील आणि हद्दीतली प्रशस्त शाळा वगळली असेल, तर पुढचं सगळं गणित तुमच्या विरुद्ध जातं.

मग तीन गोष्टी मोजा.

वर्गखोल्या. तुलनेच्या शाळांत एका खोलीमागे जितकी हजेरी, तितकीच तुमच्याकडे. समजा तिथे एका खोलीमागे २४ असेल, तर २२८ ला साडेनऊ खोल्या येतात. डिस्ट्रिक्ट कधी कधी संपूर्ण डिस्ट्रिक्टचं कर्मचारी-प्रमाण (एका शिक्षकामागे किती मुलं) वापरून खोल्या काढतं. लॉस एंजेलिस युनिफाइडच्या प्रकरणात २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत फेटाळली. तुलनेच्या शाळांत मुलांसाठी असलेल्या खोल्याच मोजल्या पाहिजेत.

खास खोल्या आणि बाकीची जागा. प्रयोगशाळा, ग्रंथालय, सभागृह, कचेरी, मैदान. लॉस आल्टोसच्या बुलिस चार्टर शाळेच्या प्रकरणात २०११ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, की डिस्ट्रिक्टने तुलनेच्या शाळांची सगळी जागा मोजलीच नव्हती. वर्ग मोजून झाले की काम संपलं, असं डिस्ट्रिक्टलाही वाटतं आणि पालकांनाही.

अवस्था. वीज, नळ, आग-सूचना यंत्रणा, इंटरनेटची जोडणी, प्रकाश, आवाज, भिंती-फरशीची स्थिती, बाकं-फळे. दोन्हीकडचे फोटो तारखेसह काढा. तुलनेच्या शाळांतही परवानगी घेऊन जा. फक्त स्वतःच्या खोल्यांचे फोटो काढून काहीच सिद्ध होत नाही.

जागा शक्यतो एकाच आवारात किंवा लागून हवी. रिजक्रेस्टच्या चार्टर शाळेला सिएरा सँड्स डिस्ट्रिक्टने पाच वेगवेगळ्या ठिकाणी वर्ग देऊ केले होते. २००५ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केलं नाही. एका ठिकाणी बसवणं शक्यच नसेल, तर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने तसा निष्कर्ष काढून लेखी कारणं द्यावी लागतात.

खर्चाचा वाटा चौरस फुटांवर काढतात, आणि त्यात फक्त सर्वसाधारण निधीच्या मोकळ्या पैशातून होणारा जागेचा खर्च धरता येतो. बाँडचे हप्ते प्रॉपर्टी टॅक्समधून फेडले जातात. ते तुमच्या बिलात डोकावत असतील तर विचारा.

## ७. मार्चचं उत्तर

१ मार्चपर्यंत तुमच्या हरकती आणि पर्यायी प्रस्ताव. "आम्हाला हे मान्य नाही" हे उत्तर नव्हे. एक तक्ता करा: एका रकान्यात डिस्ट्रिक्टने देऊ केलेलं, दुसऱ्यात तुलनेच्या शाळांचं प्रमाण, तिसऱ्यात तुमची मागणी. अंतिम पत्रात डिस्ट्रिक्टला तुमच्या हरकतींना उत्तर द्यावं लागतं. जी हरकत तुम्ही मांडलीच नाही तिला उत्तर येणार कुठून? पुढे कोर्टाची वेळ आली तर हाच तक्ता वकिलाच्या हाती द्यायचा असतो.

## ८. एप्रिल-मे: अंतिम देकार

१ एप्रिलपर्यंत अंतिम पत्र. त्यात कोणती जागा फक्त तुमची आणि कोणती सामायिक, सामायिक असेल तर कोणत्या वेळी, हे स्पष्ट असायला हवं. "सभागृह परस्पर सोयीने" असं वाक्य दिसलं तर वेळापत्रक मागून घ्या. परस्पर सोय पहिल्याच पावसाळी दिवशी संपते.

तुमचं उत्तर १ मेपर्यंत किंवा पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत, यातलं जे नंतर येईल तोवर. वेळेत होकार गेला नाही तर जागा डिस्ट्रिक्टला इतर कामाला वापरता येते. वाद असेल तरी होकार देता येतो. हरकती राखून ठेवत असल्याचं त्याच पत्रात लिहा, आणि हे पत्र मात्र वकिलाला दाखवूनच पाठवा. दोन्ही बाजू तयार असतील तर मध्यस्थीचाही मार्ग नियमांत आहे.

## ९. ताबा आणि त्यानंतर

शाळा सुरू होण्याच्या किमान १० कामाच्या दिवसांआधी जागा सामानासह तयार मिळायला हवी. ताबा घेताना खोलीनिहाय यादी करा, सह्या घ्या. रोजची देखभाल तुमची, मोठी दुरुस्ती आणि जुन्या सामानाची बदली डिस्ट्रिक्टची. मालकीही डिस्ट्रिक्टचीच राहते, त्यामुळे भिंत पाडण्याआधी परवानगी.

सुरुवातीच्या आठवड्यांतच हजेरी मोजा. अंदाजाहून बरीच कमी दिसली तर वाट न पाहता डिस्ट्रिक्टला लेखी कळवा; ती जागा त्यांनी परत वापरायला घेतली तर वसुली टळू शकते.

विनाकारण शाळा हलवू नये असं कलमात आहे, पण वाटप वर्षापुरतं असतं. एकाहून अधिक वर्षांचा लेखी करार झाला नसेल, तर जागा उत्तम असली आणि संबंध गोडीचे असले तरी पुढचा अर्ज पुन्हा १ नोव्हेंबरच्या आत द्यायचा आहे. त्याच्यासाठी पत्त्यांची फोड सप्टेंबरातच सुरू करा.